बरणीतल्या दोन बिया

कंपनीने हेरॉनचा इतिहास छापला आहे. चकचकीत कागद, मुखपृष्ठावर एका पायावर उभा बगळा, आणि आत पहिल्या यंत्रापासून आजवरची हकीकत. १९९७च्या नोव्हेंबरबद्दल त्यात एकच ओळ आहे: ‘डिस्कच्या अंतर्गत प्रोग्राममध्ये सुधारणा करण्यात आली, यंत्राचे आयुर्मान वाढले.’ ती वाचून माझं डोकं फिरलं. पुस्तिका लिहिणाऱ्या बाईंना फोन करून विचारलं, हे कुठून आणलंत? त्या गोड आवाजात म्हणाल्या, “तुमच्याच अहवालातून, मिस फर्ताडो.”

खरंच होतं. ती ओळ माझीच होती. तेव्हा आता उरलेलंही मीच लिहिलेलं बरं.

हेरॉन म्हणजे फ्रिजच्या दीडपट उंचीचं कपाट. आत साठ डिस्क, म्हणजे तीस जोड्या. जोडीतल्या दोन्ही डिस्कवर अक्षर न् अक्षर तेच लिहिलेलं असायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरी आहे. मोठमोठ्या संस्थांची सगळी कागदपत्रं पोटात घेऊन ते वर्षानुवर्षं न थांबता चालावं, हे त्याचं काम. बॉस्टनच्या पश्चिमेला एका जुन्या बुटांच्या कारखान्यात आम्ही अकरा जणांनी ते उभं केलं. तेव्हाही पावसाळी हवेत त्या भिंतींना कातड्याचा वास येत असे.

आमचे मुख्य इंजिनियर हागोप बोयाजियन, वॉटरटाउनचे आर्मेनियन. त्यांच्या टेबलावर काचेची एक बरणी असे. प्रोग्राममधला एक बाइट कुणी वाचवला की त्याने बरणीत वाळलेल्या घेवड्याची एक बी टाकायची. बरणी भरली की हागोप शनिवारी मडक्यात त्या बिया काकवी घालून दिवसभर भाजत आणि आम्ही सगळे मिळून खात असू. हसू नका. १९९३ साली डिस्कच्या आतली मेमरी इतकी चिमुकली होती की एका बाइटसाठी माणसं हमरीतुमरीवर येत.

डिस्क किती तास चालली हे मोजणारा आकडा माझ्याकडे होता. त्याला चार बाइट दिलेले. मी ते दोनवर आणले. बैठकीत कुणीतरी विचारलं, “दोन बाइटांत किती तास मावतील?” मी म्हटलं, “बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. पावणेचार वर्षं. एवढं जगणारी डिस्क पाहिलीय का कुणी?” सगळे खो खो हसले. मी ऐटीत जाऊन बरणीत दोन बिया टाकल्या. त्यांचा काचेवर झालेला टणटण आवाज मला अजून ऐकू येतो.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी तीन-चाळीसला प्रयोगशाळेतलं पहिलं यंत्र बंद पडलं. एखादी डिस्क गेली असती तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं. पण साठच्या साठ डिस्क एका क्षणी गप्प झाल्या. चार वर्षं जी घरघर कानाला जाणवतही नव्हती ती थांबली, आणि सगळे आपापल्या जागी उठून उभे राहिले. वीज होती. पंखे फिरत होते. संध्याकाळपर्यंत आम्ही तारा तपासत बसलो आणि हात हलवत घरी गेलो.

बुधवारी सकाळी साडेसातला मी पोचले तेव्हा आर्वो लेहतिनेन कपाटाचं दार उघडून बघत होता. फिचबर्गचा फिनिश माणूस, बोलणं मोजून मापून. प्रत्येक नवं यंत्र तोच चालू करायचा. हात पँटला पुसायचा, मोठा स्विच ओढायचा, साठही डिस्क एकदम फिरायला लागायच्या. मग दाराच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावून तो वार, तारीख, वेळ लिहायचा.

“गंमत बघ,” तो म्हणाला. “मंगळवार, सकाळी सात-चाळीसला चालू केलं होतं. मेलंही मंगळवारीच.”

“बरोबर आठ तासांच्या फरकाने,” मी म्हटलं. हातातल्या कॉफीच्या कपावरच मी पेनाने गुणाकार केला. मधले आठवडे एकशे पंच्याण्णव. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. वर आठ.

बत्तीस हजार सातशे अडुसष्ट.

माझ्या दोन बाइटांत मावतो त्यापेक्षा एक जास्त. तिथे आकडा उलटा होऊन उणे झाला असणार. उणे तास वाचून डिस्कने स्वतःला खराब ठरवलं आणि आतून कडी लावून घेतली. बाहेरून शिरायचा रस्ता त्याच प्रोग्राममधून, म्हणजे तोही बंद. आणि दोन डिस्क आरशासारख्या ठेवून काय फायदा, जर दोघींचा जन्म एकाच स्विचवर झालेला आणि मरणही एकाच सेकंदाला?

“आर्वो,” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, “दुसरं यंत्र कधी चालू केलं होतंस?”

“त्याच वेळी. दोन्ही एकाच स्विचवर होती.” त्याने चिकटपट्टीवर बोट टेकवलं. “पण ते हॉस्पिटलला पाठवलं ना. ट्रक बर्फात अडकला होता चारशे पंच्याण्णव हायवेवर. चोवीस तासांच्या वर बंद होतं ते.”

दुसरं यंत्र सेंट ब्लँडिना हॉस्पिटलमध्ये होतं. त्याच्यात अस्थिमज्जा दात्यांची यादी होती. एकोणचाळीस हजार माणसं. रक्ताचा कर्करोग झालेल्या कुणाला दुसऱ्याची मज्जा लागली की त्या यादीत जुळणारं माणूस शोधायचं. प्रत्येकाच्या रक्ताच्या तपासणीचा निकाल प्रयोगशाळेतून थेट यंत्रात जायचा. कागदावर उतरवणं त्यांनी बंद केलं होतं. टेपवर नक्कल काढणंही बंद केलं होतं. कुणाच्या सांगण्यावरून? माझ्या. यंत्र बसवायला मी स्वतः गेले होते आणि छाती फुगवून म्हणाले होते, “मिसेस स्प्रेग, आता टेपची कटकट विसरा. इथे प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिलेली आहे.”

मी मोडेमवरून त्या यंत्राला फोन लावला. आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या डोळ्यांदेखत आकडा बदलला: ३२,७६०.

म्हणजे दुपारी चार-दहा. आठ तास.

हागोप आले तेव्हा मी त्यांना उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी कोटही काढला नाही. ओरडतील असं वाटलं होतं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एकदा बरणीकडे पाहिलं.

“यंत्र बंदच करून टाकलं तर? घड्याळ थांबेल,” ते म्हणाले.

“एकदम बंद करू नका,” आर्वो म्हणाला. “चार वर्षं अखंड फिरलेली डिस्क थांबली की आतली सुई तबकडीला चिकटते. साठातल्या वीस परत उठायच्या नाहीत. त्यात एकाच जोडीतल्या दोन्ही निघाल्या तर?”

“मग एकेक. लिडिया जान, किती वेळ?” जान हा त्यांचा आर्मेनियन लाडाचा शब्द.

मी मनात मांडणी केली. आकडा चार बाइटांचा करून प्रोग्राम नव्याने लिहायचा, इथे तपासायचा, फोनवरून तिथे पाठवायचा. डिस्क थांबवून पुन्हा चालू केली की नवा प्रोग्राम लागू होणार. एका डिस्कला दहा मिनिटं. एका वेळी एकच डिस्क थांबवायची, हा यंत्राचा नियमही माझाच. प्रत्येक जोडीतली एक वाचली तरी माहिती वाचली. “तीस डिस्क, पाच तास. पावणेअकराला सुरू केलं तर पावणेचारला संपेल.”

“आर्वो, तू गाडी काढ. कुणीतरी तिथे हाताशी हवं.” मग हागोप माझ्याकडे वळले. “आणि तू विनिफ्रेड स्प्रेगना फोन कर. सगळं सांग. काय झालं, का झालं, किती वाजेपर्यंत. मग कामाला लाग.”

“हो,” मी म्हटलं.

विनिफ्रेड स्प्रेग ती यादी सांभाळत. साठीच्या, कडक इस्त्रीच्या. चर्चच्या सभागृहांतून, शाळांच्या व्यायामशाळांतून, रविवारी रविवारी टेबल मांडून त्यांनी ती एकोणचाळीस हजार माणसं जमवली होती. फोन वाजत होता तोवर मी वाक्य जुळवत होते. माझ्या हातून चूक झाली आहे. एवढंच तर म्हणायचं होतं.

“बोल गं लिडिया, आज सकाळी सकाळी?”

मला त्यांचा चेहरा दिसला, माझ्यावर विश्वास ठेवून टेपयंत्रावर कापड घालतानाचा. आणि मी म्हणाले, “काही नाही, मिसेस स्प्रेग. नेहमीची देखभाल. आर्वो येतोय. यंत्र चालूच राहील, तुम्हाला कळणारसुद्धा नाही.”

“बरं झालं. मी त्याच्यासाठी अ‍ॅपल पाय ठेवते.”

हागोपनी दारातून विचारलं, “सांगितलंस?”

“सांगितलं,” मी म्हटलं.

भीती माणसाला किती झटपट खोटं बोलायला लावते याचं मला तेव्हा आश्चर्यही वाटलं नाही. मला वाटलं, पावणेचारला सगळं पार पडेल आणि कुणाला कधी कळायचंही कारण नाही. मी प्रोग्राम लिहायला बसले.

दहा-पन्नासला पहिली डिस्क थांबवली. एका कानाला फोन, त्यावर आर्वो, समोर पडदा. थांबली. मग फोनमधून ती ओळखीची शीळ वर वर चढत गेली आणि आर्वो म्हणाला, “उठली.” दुसरी. तिसरी. सातवी उठेना. आर्वोने ती बाहेर काढली, तळहातावर धरून मनगटाला एक हिसका दिला, परत आत सरकवली. “उठली.” मी टेबलाखाली बूट काढून टाकले होते, कारण पायांना घाम फुटला होता. हागोपनी कुठूनतरी सँडविच आणून ठेवलं. ते तसंच राहिलं. प्रत्येक दहा मिनिटांनी मला तीच भीती नव्याने वाटायची, सवय म्हणून काही झाली नाही. तेरावीला हिसका लागला, अठरावीला दोन.

दोन-पंचावन्नला पंचविसावी थांबवली. शीळ आली नाही.

“हिसका दे.”

“दिला.”

“अजून एक.”

“लिडिया, मी चार दिलेत. आत काहीतरी खरवडल्याचा आवाज येतोय.” आर्वोचा आवाज पहिल्यांदाच हलला. “ही गेली.”

आता त्या जोडीतली दुसरी एकटीच उरली होती, तिच्यात जुनाच प्रोग्राम, आणि चार-दहाला तिचंही मरण. आर्वोने गेलेलीच्या जागी गाडीतून आणलेली नवी राखीव डिस्क बसवली आणि यंत्राने आपणहून तिच्यावर नक्कल काढायला सुरुवात केली. पूर्ण नकलेला दीड तास लागतो. आमच्याकडे सव्वा तास होता.

“थांबवून बघायची का हिलाही?” आर्वोने विचारलं. “उठली तर सगळं मिळालं.”

“नाही उठली तर तेराशे माणसं गेली. नक्कल होऊ दे. अगदी शेवटी थांबवू. जेवढं उतरेल तेवढं तरी पक्कं.” माझे दात वाजत होते. खोलीत हीटर चालू होता आणि माझे दात वाजत होते.

फोनवर पलीकडे तिसरा आवाज आला. “तेराशे माणसं म्हणजे काय गं?”

मिसेस स्प्रेग आर्वोसाठी अ‍ॅपल पाय घेऊन आल्या होत्या.

मग मी सांगितलं. सकाळी सांगायचं ते सगळं, दोन बियांपासून. हागोप दारात उभे राहून ऐकत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. नंतर मिसेस स्प्रेग अगदी हळू म्हणाल्या, “तुला हे कधी कळलं?”

“सकाळी आठला.”

“टेपयंत्र तळघरात आहे अजून. मी काही टाकून देत नाही, माहितेय तुला. कोऱ्या टेपांची पेटीसुद्धा आहे. एकोणचाळीस हजार माणसं टेपवर उतरायला पाच तास लागतात, आम्ही दर शुक्रवारी उतरवायचो. नऊला लावलं असतं तर दोनला झालं असतं. मी आठला ऑफिसात होते, लिडिया. फोन मीच उचलला होता.”

मी पडद्यावरचा नकलेचा आकडा पाहिला.

“आता लावलं तर?” त्यांनी विचारलं.

“आता टेपला वाचायला दिलं तर नक्कल मंदावेल,” मी कशीबशी म्हणाले. “उलट कमीच वाचतील.”

“मग नको.” त्यांनी विचारलं, “मिनिटाला किती?”

“चौदा माणसं.”

उरलेल्या पाच जोड्या तीन-पन्नासला संपल्या. पाचही उठल्या, आणि मला त्याचा आनंद झाला नाही. त्यानंतर करायला काही उरलं नाही, फक्त पडद्यावरचा नकलेचा आकडा बघत राहायचं. चार वाजले. चार-पाच. थांबवायला एक सेकंद पुरतो. पण चार-दहाचा ठोका कुठल्या सेकंदाला पडतो हे कुठे माहीत होतं? आठ-दहाला आकडा बदलताना मी पाहिला होता, तो माझ्या मनगटावरच्या घड्याळाने. आणखी एक मिनिट थांबलं तर चौदा माणसं. एक सेकंद जास्त झाला तर उरलेल्यांची सगळी आशा संपली. चार-आठला मला ते सहन झालं नाही आणि मी कळ दाबली.

“थांबली,” आर्वो म्हणाला.

एक्याऐंशी टक्के. दोनशे सेहेचाळीस माणसं उरली होती, सगळी त्या एका थांबलेल्या डिस्कवर. आता घाई नव्हती. आर्वोने तिला पंधरा मिनिटं तशीच ठेवली, हातात धरून कोमट केली, मग चालू केली. शीळ नाही. हिसका. शीळ नाही. साडेसहापर्यंत तो तेच करत होता. मधून मधून मला फोनमधून त्याचं पुटपुटणं ऐकू यायचं, “उठ ना गं, उठ ना.” ती उठली नाही.

उरलेली बेचाळीस यंत्रं त्या आठवड्यात आणि पुढच्या आठवड्यात आम्ही सावरली, आधी प्रत्येकाला टेप काढायला सांगून. एक नावसुद्धा गेलं नाही. कंपनीच्या दृष्टीने विषय तिथे संपला आणि माझ्याकडून अहवाल मागितला गेला. हागोपनी मला नोकरीवरून काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ते बरणीपाशी गेले, दोन बिया काढून माझ्या टेबलावर ठेवल्या, म्हणाले, “चूक कुणाच्याही हातून झाली असती. पण मी विचारलं तेव्हा तू ‘सांगितलं’ म्हणालीस.” त्यानंतर त्यांनी मला जान म्हणून कधी हाक मारली नाही.

मिसेस स्प्रेगकडे दात्यांची सह्या केलेली कार्डं होती, त्यामुळे हरवलेले दोनशे सेहेचाळीस कोण ते कळलं. निकाल गेले होते, नावं होती. सगळे न्यू बेडफर्डचे. १९९६च्या वसंतात एका रविवारी पोर्तुगीज हॉलमध्ये येऊन गेलेले: अझोरेस आणि केप व्हर्दे या पोर्तुगीज भाषिक बेटांवरचे. माझ्या आईचे शेजारीपाजारी. आमच्या लोकांना बाहेरच्यांत जुळणारं माणूस सहसा मिळत नाही, म्हणून तर मिसेस स्प्रेग मुद्दाम तिथे गेल्या होत्या.

त्यांनी सगळ्यांना पत्रं पाठवली, आणि मला फोन केला. “सात डिसेंबरला यायचंस. टेबलाशी तू बसायचंस. परत का बोलावलं ते प्रत्येकाला तू सांगायचंस.”

मी गेले. हॉलमध्ये मालासाद या गोड पोर्तुगीज तळणीचा वास, मागे पोरांची पळापळ. पहिल्यांदा एक म्हातारे कोळी आले, डोक्यावर लोकरी टोपी. मी उभी राहिले आणि म्हणाले, “यंत्रात माझी चूक होती. ती मी वेळेवर सांगितली नाही. म्हणून तुमचा निकाल गेला.”

त्यांनी बाही वर करत विचारलं, “तू मरिया फर्ताडोची ना? कुठला हात देऊ?”

दिवसभरात तेच वाक्य मी दोनशे तीस वेळा बोलले. कुणी मान हलवली, कुणी ओरडलं, एका बाईने माझ्या गालाला हात लावला, ते ओरडण्यापेक्षा कठीण गेलं. संध्याकाळी सोळा कार्डं उरली. दोघं वारले होते, काही अझोरेसला परतले होते, काहींचा पत्ताच नव्हता.

फेब्रुवारीत मिसेस स्प्रेगचा फोन आला. फॉल रिव्हरची सहा वर्षांची मुलगी होती, केप व्हर्देचं घर, तिला मज्जा हवी होती. सगळी यादी पाहून झाली, एकही जुळलं नाही.

“त्या सोळांत कुणी असेल?” मी विचारलं.

“असेल. नसेलही.” त्यांचा आवाज थकलेला होता. “ते आता कुणालाच कळायचं नाही, लिडिया. तुला सांगायला हवं म्हणून सांगितलं. मी अशा गोष्टी लगेच सांगते.”

फोन ठेवला तेव्हा दोन्ही बिया माझ्या मुठीत होत्या. कधी उचलल्या ते आठवत नाही.